पीएच.डी. झाली, आता फिल्डवर

2019 साली बीड जिल्ह्यातली एक बातमी देशभर गाजली. ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ बायकांची गर्भाशयं काढून टाकलेली होती, तीही ऐन तिशी-पस्तिशीत. विधान परिषदेत प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजार 800 हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे साधारण सहा जणींत एकीचं. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकड्यावर आकडा ठेवून तुलना करू नये हे खरं. पण एवढा मोठा फरक निव्वळ पद्धतीमुळे पडत नाही.

आता हे कोणी उलगडायचं? गर्भाशय कधी काढावं, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला ठाऊक असतं. एकाच जिल्ह्यात, एकाच धंद्यातल्या इतक्या जणींचं ते का निघालं, हे त्याच्या पाठ्यपुस्तकात नसतं. त्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल पाहावी लागते. खाडा पडला की किती पैसे कापले जातात ते विचारावं लागतं. फडावर पाणी आणि आडोसा होता का, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद भरलेलं होतं का, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती कोणी घातली, शस्त्रक्रियेचे पैसे कुठून आले, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. यातला एकही प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. अशा प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या शाखेला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. औषध गुणकारी आहे का, हे वैद्यकीय संशोधन विचारतं. ते औषध कोणाला मिळालं, कोणाला नाही, किती पैशांत, किती उशिरा, आणि मिळून काय झालं, हे ही शाखा विचारते.

या शाखेचा एक नामांकित धडा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला आहे. जॉन वेनबर्ग या डॉक्टरांनी 1973 साली ॲलन गिटलसन यांच्यासोबत 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला. शेजारशेजारच्या गावांत शस्त्रक्रियांचं प्रमाण किती वेगवेगळं असतं, एवढाच त्याचा विषय. एका भागात पंधराव्या वर्षाच्या आत सुमारे 70 टक्के मुलांच्या टॉन्सिलवर कात्री चाललेली, तर लगतच्या भागात सुमारे 20 टक्के. मुलं तीच, हवा तीच, आजार तेच. फरक होता तो तिथल्या डॉक्टरांच्या सवयीत. आपल्याकडे असं काही नाही असं वाटत असेल, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला सिझेरियनचा आकडा पाहावा. सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी 14.3 टक्के सिझेरियन, खासगीत 47.4 टक्के. अवघड बाळंतपणं खासगीत जास्त येतात, असं म्हणून या फरकाचा थोडा भाग समजावता येईल. उरलेल्याचं काय?

महाराष्ट्राचं उदाहरण तर जगानं उचललं. अभय आणि राणी बंग यांनी 1984 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण पूर्ण केलं आणि ते गडचिरोलीला आले. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली होती. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी निगडित काही ना काही त्रास होता आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. पहिला आकडा आजाराचा. दुसरा आरोग्यसेवेचा. मला विचाराल तर दुसरा जास्त बोचरा आहे. बंग दांपत्य आधीपासून डॉक्टर होतंच. हा दुसरा आकडा शोधावा असं सुचायला आणि तो जगाला पटेल अशा रीतीनं मोजता यायला वेगळं शिक्षण लागलं.

हे वेगळं शिक्षण पीएच.डी. किंवा एम.डी. नंतर का घ्यायचं, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. मुलगी तीस वर्षांची झाली, अजून शिकतेच आहे का! उत्तर असं की या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण एका पायावर उभा असतो. संख्याशास्त्रातली पीएच.डी. असलेल्याला केसपेपर वाचता येत नाही. एम.डी. झालेल्याला आकड्यांतला पूर्वग्रह ओळखता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ खर्च मोजतो, पण उपकेंद्रातली एएनएम दिवसभरात काय काय करते हे त्यानं पाहिलेलं नसतं. मानववंशशास्त्रज्ञ चार महिने वस्तीवर राहून येईल, पण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यासमोर दहा मिनिटांत आपलं म्हणणं मांडताना गडबडेल. दुसरा पाय कमवायची वर्षं म्हणजे पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. अमेरिकेत 1974 च्या कायद्यानं अशा प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला, आणि रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशननं तरुण डॉक्टरांना संशोधनाची ही रीत शिकवणारा कार्यक्रम कित्येक दशकं चालवला. 2018 पासून तिथे आणखी एक पाऊल पडलं. फेलोनं विद्यापीठात बसण्याऐवजी थेट रुग्णालयांच्या यंत्रणेत बसायचं आणि प्रश्नही त्या यंत्रणेचाच घ्यायचा, अशी योजना आली. प्रत्यक्ष हातानं शिकणं म्हणतात ते हेच.

हे झालं अमेरिकेचं. पुण्यात असं शिकायला काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्याला बराच इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली परिचारिका म्हणून माहीत असते, पण ती पक्की आकडेवाली बाई होती. क्रिमियातल्या सैनिकांचे मृत्यू जखमांपेक्षा घाणीमुळे जास्त झाले, हे तिनं आलेख काढून दाखवलं. ती हिंदुस्थानात कधी आली नाही. तरी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता आणि 1891 साली तिनं सभेला गावांच्या स्वच्छतेबद्दल पत्र लिहिलं होतं. पुढे 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळांनी घरोघर जाऊन पाहणी करायची शिस्त तिथे रुजवली. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी 1953 साली प्रसिद्ध झाली. आज ज्याला आपण डेटा म्हणून डोक्यावर घेतो, तो त्या काळी कागदाच्या तक्त्यांत भरला जात होता.

पण या प्रकरणाचा खरा पत्ता आहे वढू बुद्रुक, तालुका शिरूर. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं आणि गावोगावच्या माणसांना आरोग्याचं शिक्षण देऊन कामाला लावलं. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातलं मोठं रुग्णालय गावात काय करू शकतं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही शिळा झालेला नाही. 2002 पासून केईएमच्या संशोधन केंद्रानं वढूच्या आसपासच्या 22 गावांत घरोघरची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्म, मृत्यू, कोण राहायला आलं, कोण गेलं. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात भाड्याच्या खोल्या वाढल्या, कामगार येत-जात राहिले, आणि नोंद ठेवणं अधिकाधिक किचकट होत गेलं. आज ही लोकसंख्या लाखाच्या वर आहे.

अशा नोंदीचा उपयोग काय, हे रोटाव्हायरसच्या लशीनं दाखवलं. रोटाव्हॅक या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, वढू आणि वेल्लोर या तीन ठिकाणी मिळून 6,799 बाळांवर झाली, निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले, 2016 साली लस सरकारी लसीकरणात आली. कोणत्या घरात कोणतं बाळ आहे आणि ते किती दिवसांचं आहे, हे जिथे आधीच माहीत असतं, तिथेच अशी चाचणी नीट होते. आणि चाचणी संपते तिथे आरोग्यसेवा संशोधकाचं काम सुरू होतं. लस सिद्ध झाली, आता ती वीटभट्टीवरच्या बाळापर्यंत पोचते का?

वढूसारख्या ठिकाणी आलेल्या फेलोनं पहिले काही आठवडे फील्ड वर्करच्या मागे फिरावं. कागदावर प्रश्न सोपा असतो: 'आजारी पडल्यावर कुठे गेलात?' घरातली आजी त्याचं उत्तर गोष्टीसारखं देते. आधी गावातल्या डॉक्टरांकडे, त्यांनी सलाईन लावली, उतार पडेना म्हणून शिक्रापूरला, मग पाहुण्यांनी सांगितलं म्हणून पुण्याला. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये यातला फक्त शेवटचा मुक्काम सापडतो. खर्च विचारला तर डॉक्टरांची फी सांगतात. गाडीभाडं, सोबत राहिलेल्यांचं जेवण, बुडालेली मजुरी हे विचारल्याशिवाय निघत नाही. पावती तर बहुधा नसतेच. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2004-05 मध्ये 69.4 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला, असे सरकारी हिशेब सांगतात. हे आकडे शेवटी अशाच ओसरीवरच्या उत्तरांवर उभे असतात. ज्यानं ती उत्तरं स्वतः लिहून घेतली आहेत, त्याला या टक्क्यांवर किती भार टाकायचा ते कळतं.

दुसरी शाळा म्हणजे प्रशासन. पुण्यात आरोग्यसेवा एकाच छत्राखाली नाही. ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. शहरातले दवाखाने पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचे, छावणीचे छावणी मंडळाचे, आणि ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं. हडपसरला क्षयाचं औषध घेणारा मजूर काम बदलून उरुळी कांचनला राहायला गेला, की तो नकाशावर थोडासाच सरकतो, पण एका यंत्रणेतून निघून दुसऱ्या यंत्रणेत जातो. तिथे त्याचं नाव पोचलं का, हा एक पूर्ण संशोधनाचा विषय आहे. तो शोधायचा तर कोणाची परवानगी लागते, अर्ज कोणाच्या टेबलावर थांबतो, आणि परदेशी पैसा असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता यायला किती काळ धरून चालावं, हे कोणत्याही पदवीत शिकवत नाहीत. एथिक्स कमिटीपुढे संमतिपत्राची मराठी सुधारून घेण्यात मनस्ताप होतो खरा. तरी 'सहभागी व्यक्तीस कोणताही प्रत्यक्ष लाभ संभवत नाही' असं लिहिणाऱ्याला तो व्हायलाच हवा.

पुण्याची आणखी एक सोय आहे, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. राज्याची आरोग्य कार्यालयं मुंबईइतकीच इथे आहेत. कुटुंब कल्याणाचं राज्य कार्यालय, राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र, सगळं शहरात. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, तिचं नियंत्रण केंद्र औंधच्या छाती रुग्णालयाच्या आवारात. फोन किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, याची नोंद अशा सेवेत आपोआप होते. मातामृत्यूंबद्दल थॅडियस आणि मेन यांनी 1994 साली तीन विलंब सांगितले: घरात निर्णय व्हायला लागणारा, दवाखान्यात पोचायला लागणारा आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा. 108 चं घड्याळ मधल्या विलंबाचं मोजमाप देतं. पहिला मोजायला गावात जावं लागेल, तिसरा मोजायला कॅज्युअल्टीत उभं राहावं लागेल. एखाद्या फेलोला दोन वर्षं पुरेल एवढं काम यात आहे.

ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचं जॉन्स हॉपकिन्सशी जुनं सहकार्य आहे. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण स्तनपानाच्या काळात नेव्हिरॅपिननं रोखता येते का, हे पाहणाऱ्या तीन देशांतल्या चाचणीतलं भारतीय केंद्र इथलंच, निष्कर्ष 2008 च्या 'लॅन्सेट'मध्ये आले. एचआयव्ही आणि क्षयरोगावर तरुण संशोधक घडवायला अमेरिकेच्या फोगर्टी केंद्राचा पैसाही इथे आला. हे प्रशिक्षण उत्तम आहे, पण त्याचा कल क्लिनिकल संशोधनाकडे. रांगेत चार तास उभं राहिलेल्या रुग्णाचा प्रश्न त्यात कडेला पडतो.

रांगेतल्या माणसाकडून सुरुवात करणारी संस्था म्हणजे 'साथी'. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 2007 पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात समन्वयाची जबाबदारी तिच्याकडे होती. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. विद्यापीठातला माणूस इथे नाक मुरडतो, नमुना यादृच्छिक नाही म्हणतो. आक्षेप बरोबर आहे. पण औषधांचा साठा कागदावर आहे आणि खिडकीवर नाही, हे एका जनसुनवाईत जितकं लख्ख दिसतं तितकं यादृच्छिक नमुन्यात दिसत नाही. याच संस्थेच्या कामातून अरुण गद्रे आणि अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांशी बोलून खासगी वैद्यकातले गैरप्रकार डॉक्टरांच्याच तोंडून मांडले. गद्रे मराठी वाचकांना कादंबरीकार म्हणूनही ठाऊक आहेत. समोरच्याला बोलतं करायचं कसब अशा माणसाकडून शिकायला मिळणं हा फेलोचा फायदाच.

पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनची एक दिवसाची पाहणी मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. 1 फेब्रुवारी 2011 रोजी देशातल्या 880 शहरा-गावांतल्या 7,400 डॉक्टरांनी त्या दिवशी आलेला प्रत्येक रुग्ण कशासाठी आला ते लिहून ठेवलं. 2,04,912 रुग्ण. निम्म्यांहून थोड्या जास्त जणांना श्वसनाची काही तक्रार होती. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला का सुचली नाही याचं नवल वाटतं. सुचली तरी 7,400 डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत कागद भरायला लावणं हे खरं कौशल्य.

म्हणजे गाव आहे, रुग्णालय आहे, कार्यालय आहे, चळवळ आहे, पाहणीची परंपरा आहे. नाही ते या सगळ्यांतून फिरवून आणणारी एक धड जागा. आपल्याकडे पीएच.डी. नंतरची जागा बहुतेक वेळा कुठल्या तरी प्रकल्पाला टांगलेली असते. प्रकल्प संपला की माणूस संपला. देशपातळीवरच्या फेलोशिप आहेत. विज्ञान खात्याची राष्ट्रीय फेलोशिप दोन वर्षांची, अर्जासाठी वयाची अट 35. सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचीही दोन वर्षांची. वैद्यकीय संशोधन परिषदेची स्वतंत्र. 2008 साली निघालेल्या इंडिया अलायन्सनं डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांसाठी वेगळी दारं उघडली, आणि या विषयातलं ते सर्वांत भरीव पाऊल होतं असं माझं मत आहे. पण आरोग्यसेवेवर काम करणारी अर्थशास्त्रज्ञ एका दारात 'हे वैद्यकीय आहे' आणि दुसऱ्या दारात 'हे सामाजिक आहे' असं ऐकून परत येऊ शकते. तिला घेणारी फेलोशिप पुण्यानं स्वतः उभी करायला हवी. पैशापेक्षा इथे अडचण मानाची आहे. पाच संस्थांनी एका फेलोची वाटणी करायची, तर कागदावर पहिलं नाव कोणाचं?

पैशाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हापासून तिच्यावर सरकारचा मोठा पैसा जातो. कोणत्या तालुक्यातली माणसं तिचा लाभ घेतात, कोणत्या नाहीत, कार्ड असूनही किती जण खिशातून भरतात, हे सतत तपासणारे दहा-पंधरा शिकलेले लोक राज्याला दरवर्षी मिळाले, तर त्यांच्या विद्यावेतनाचा खर्च योजनेच्या हिशेबात दिसणारही नाही.

तोवर अर्ज करणाऱ्यानं स्वतःच सावध राहावं. फेलोशिपचं नाव, विद्यावेतन आणि परदेशी विद्यापीठाचा शिक्का पाहून भुलू नये. मार्गदर्शक किती आणि त्यांतला एक तरी प्रत्यक्ष सेवा चालवणारा आहे का, ते विचारावं. गोळा केलेल्या माहितीवर स्वतःच्या नावानं लिहिता येईल का, तेही विचारून लेखी घ्यावं. निष्कर्ष ज्या आरोग्य केंद्रातून आले तिथे जाऊन मराठीत सांगायची तरतूद आहे का, हे पाहावं. आणि पहिल्या तीन महिन्यांचं वेळापत्रक मागावं. त्यात फिल्डचा एकही दिवस नसेल, तर ती फेलोशिप घेऊ नये.